मागील सभेचे इतिवृत्त

(निवडणुकीतल्या टीव्हीवरच्या चर्चा आणि मुलाखती मतदाराच्या मनातून का उतरल्या, या विषयावर जूचंद्र इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



इथे यायच्या आधी आत चहा घेत होतो. शेजारी इथलेच एक आजोबा बसले होते. त्यांनी विचारलं, "विषय काय तुमचा?" म्हटलं, निवडणुकीतल्या टीव्हीवरच्या चर्चा. ते म्हणाले, "त्यावर काय बोलायचं? मी आवाज बंद करून बघतो." म्हटलं, आवाज बंद करून काय कळतं? तर म्हणाले, "चालू ठेवून तरी काय कळतं?" (हशा)

मी जे सांगायला आलोय ते आजोबांनी दोन वाक्यांत उरकलं. माझ्यासाठी एवढंच काम उरलं की ही टीका नेमकी कशावर आहे ते शोधायचं. सगळे सांगतात की लोक गोंगाटाला कंटाळले. पडद्यावर सहा चौकटी, सहाही जण एकदम बोलतात, अँकर त्यांच्याही वर ओरडतो. मला हे कारण पुरेसं वाटत नाही. आपण गोंगाटाला घाबरणारी माणसं नाही. सोसायटीची वार्षिक सभा आठवा. पार्किंगचा विषय निघाला की जो आवाज होतो, त्यापुढे कुठलंही चॅनल फिकं आहे. (हशा) भावकीची बैठक आठवा. तरी आपण जातो, आणि पुढच्या वर्षी परत जातो. कारण तिथे काहीतरी ठरतं आणि ठरलेलं कुठेतरी लिहिलं जातं.

इथूनच सुरुवात करू. वसई-विरार महापालिका झाली ३ जुलै २००९ रोजी. त्याआधी या भागात ग्रामपंचायतींचा कारभार होता. तुमच्यातल्या पन्नाशीपुढच्या लोकांनी ग्रामसभा पाहिल्या असतील. नोटीस फळ्यावर लागायची, खाली विषय लिहिलेले असायचे. विषय क्रमांक १ ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. अगदी कंटाळवाणा विषय. तो उरकेपर्यंत अर्धी माणसं बाहेर तंबाखू मळत उभी असायची. पण सभेचा जीव त्यातच होता. ग्रामसेवक वाचणार, 'अमुक पाड्यावरील नळजोडणी पावसाळ्यापूर्वी करण्याचे ठरले', आणि मागून कुणीतरी विचारणार, "मग झाली का?"

हा 'झाली का?' म्हणजे दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न मागच्या सभेत विचारून झालेला असतो, उत्तरही मिळालेलं असतं. दुसरा प्रश्न विचारायला मागचं उत्तर लक्षात असावं लागतं, म्हणून तिथे वही लागते.

मी ग्रामसभेची आरती ओवाळत नाही. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभा मी पाहिल्यात. इतिवृत्त कधीकधी कुणाच्या ओटीवर बसून लिहिलं जातं, हेही आपल्याला माहीत आहे. बायकांना बोलता यावं म्हणून महिलांची वेगळी सभा आधी घ्या, असं कायद्यात लिहावं लागलं, त्यावरून काय ते समजा. पण वही होती. त्यात खोटं लिहिलं असेल, तर 'हे खोटं आहे' असं बोट ठेवून म्हणायला ती उघडता येत होती.

तर माझं आजचं म्हणणं एवढंच आहे: टीव्हीवरच्या राजकीय चर्चेला विषय क्रमांक एक नाही. रोज रात्री सभा भरते, पण मागच्या सभेत कोण काय बोललं हे कुणी वाचून दाखवत नाही. मतदाराचा विश्वास उडाला आहे तो यामुळे.

याला पुरावा काय? मराठीत चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या आल्या २००७ मध्ये. त्या वर्षी 'झी २४ तास' आणि 'स्टार माझा' सुरू झाल्या. 'स्टार माझा'चा पुढे २०१२ मध्ये 'एबीपी माझा' झाला. २००८ मध्ये 'आयबीएन लोकमत' आलं. तिथे निखिल वागळे 'आजचा सवाल' घ्यायचे. आवाज तेव्हाही कमी नव्हता, वागळ्यांचा तर नव्हताच. (हशा) तरी लोक जेवणाची ताटं घेऊन समोर बसायचे आणि दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये त्यावर भांडायचे. म्हणजे मोठ्या आवाजाने लोक पळाले असते, तर तेव्हाच पळाले असते.

मग मध्ये काय घडलं? २३ नोव्हेंबर २०१९ ला भल्या सकाळी एक शपथविधी झाला. पाचच दिवसांनी वेगळ्याच आघाडीचा दुसरा. ३० जून २०२२ ला तिसरा. २ जुलै २०२३ ला आणखी एक. या चार वर्षांत महाराष्ट्रातला जवळजवळ प्रत्येक मोठा पक्ष, किंवा त्याचा एखादा तुकडा, कधी ना कधी कालच्या विरोधकाच्या मांडीला मांडी लावून बसला. ते चूक की बरोबर, हा आजचा विषय नाही. मी पडद्याबद्दल बोलतोय. पडद्यावर प्रवक्ते तेच होते, चौकट फक्त डावीकडची उजवीकडे गेली. ज्या तावातावाने सोमवारी एक बाजू मांडली, त्याच तावाने काही महिन्यांनी उलट बाजू मांडली. आणि अँकरने काय विचारलं? "आपली प्रतिक्रिया काय?"

वाहिनीकडे जुनं चित्रीकरण असतं. तारीखवार साठवलेलं असतं. म्हणजे वही आहे, आणि अशी की ग्रामसेवकाच्या वहीपेक्षा शंभरपट पक्की. माणूस स्वतःच्या तोंडाने बोललेला तिच्यात आहे. पण ती कपाटात राहते. जुनी क्लिप दाखवलीच तर गंमत म्हणून, पाठीमागे संगीत लावून. समोर बसलेल्या माणसाला ती दाखवून 'आता बोला' असं म्हणणं विरळाच.

ही वही लोकांना किती हवी होती, हे एकदा दिसलं. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांच्या पक्षाने एकही उमेदवार उभा केला नव्हता. तरी त्यांच्या सभांना गर्दी झाली आणि वाहिन्यांनी त्या थेट दाखवल्या. कशासाठी? 'लाव रे तो व्हिडिओ' या चार शब्दांसाठी. मंचावर पडदा लावायचा, सत्ताधाऱ्यांचं जुनं बोलणं दाखवायचं आणि विचारायचं, याचं काय झालं? मेळघाटातलं हरिसाल सरकारी जाहिरातीत डिजिटल गाव म्हणून दाखवलं होतं. त्यांनी त्या गावातलं चित्रीकरण दाखवलं, आणि जाहिरातीत झळकलेला तरुणच मंचावर आणून उभा केला. मी म्हणतो तो विषय क्रमांक एक हाच. जे काम वृत्तवाहिन्यांचं होतं ते एका नेत्याने केलं आणि वाहिन्यांनी त्याचं प्रक्षेपण केलं!

पण इथे थांबलं तर आपण अर्धंच बोललो असं होईल. त्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीने जिंकल्या. म्हणजे वही वाचली की मतं फिरतात, असं काही नसतं. शिवाय ती वही एकाच माणसाच्या हातात होती. कुठलं पान उघडायचं ते तोच ठरवायचा, आणि उत्तर द्यायला समोर कुणी नव्हतं. आणि ९ एप्रिल २०२४ ला, गुढीपाडव्याला, त्याच शिवाजी पार्कवर राज ठाकरे यांनीच मोदींसाठी महायुतीला बिनशर्त पाठिंबा जाहीर केला. तेव्हा त्यांना 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणायचं काम कुणाचं होतं? वाहिन्यांचं. काहींनी क्लिपा दाखवल्या, हसवलं. पण तो माणूस समोर, ती क्लिप मध्ये आणि मग अर्धा तास प्रश्न, असं काही माझ्या पाहण्यात आलं नाही. वही एका पक्षाच्या हातात गेली की ती प्रचाराचं पत्रक होते. ती सभेची असावी लागते.

आता मुलाखतींकडे येतो. लोक म्हणतात, एक तर मुलाखत चाटूगिरीची असते, नाहीतर भांडणाची. मी वेगळी फूटपट्टी लावतो: दुसरा प्रश्न विचारला का?

तीन मुलाखती आठवा. २००७ मध्ये करण थापर यांनी नरेंद्र मोदींची मुलाखत घेतली. ते तेव्हा गुजरातचे मुख्यमंत्री होते. प्रश्न २००२ च्या दंगलींचा. थापर यांनी पहिलं उत्तर घेऊन विषय सोडला नाही. मोदींनी पाणी मागितलं, माइक काढला, मुलाखत साधारण तीन मिनिटांत संपली. दुसरी, २७ जानेवारी २०१४ ला 'टाइम्स नाऊ'वर अर्णब गोस्वामी यांनी घेतलेली राहुल गांधींची. तासाभराहून जास्त चालली. प्रश्न कुठलाही असो, राहुल गांधी व्यवस्था बदलण्यावर आणि महिलांच्या सक्षमीकरणावर येत राहिले, आणि गोस्वामी परत परत मूळ प्रश्नावर. आज गोस्वामी यांच्याबद्दल आपलं मत काहीही असो, त्या दिवशी दुसरा प्रश्न विचारला गेला होता. तिसरी, २४ एप्रिल २०१९ ची, अक्षय कुमार यांनी घेतलेली पंतप्रधानांची. तीही तासाभराहून जास्त. 'अराजकीय मुलाखत' असं तिचं नावच होतं. आंबे खाता का, कसे खाता. आंब्यावर माझा राग नाही. (हशा) पण पाच दिवसांनी, २९ एप्रिलला, आपल्या पालघरमध्ये मतदान होतं.

दुसरा प्रश्न आला तेव्हा एक मुलाखत तीन मिनिटांत संपली. तो आला नाही तेव्हा तासभर गप्पा रंगल्या. यातून प्रत्येक पक्षाच्या नेत्याने एकच धडा घेतला: जिथे दुसरा प्रश्न नाही, तिथे बसायचं. एका पक्षाला दोष देऊन सुटका नाही. शिवसेनेचे नेते 'सामना'ला मुलाखत देतात आणि ती घेतात त्याच पक्षाचे नेते, 'सामना'चे कार्यकारी संपादक संजय राऊत. २०२० मध्ये शरद पवारांचीही त्यांनी अशीच मोठी मुलाखत घेतली. वाचायला चुरचुरीत असतात त्या. पण पक्षाच्या मुखपत्राने पक्षप्रमुखाला विचारणं म्हणजे सुनेने माहेरी जाऊन 'मी कशी आहे?' असं विचारण्यासारखं. (हशा) उत्तर ठरलेलं.

आता आणखी एक साधी गोष्ट बघा. आज रात्री चर्चा लागली की पॅनेलवरची नावं वाचा आणि विचार करा, यातलं एक तरी नाव माझ्या मतदान यंत्रावर असणार आहे का? जवळजवळ कधीच नसतं. ते प्रवक्ते असतात, 'राजकीय विश्लेषक' असतात. त्यांनी काही कबूल केलं तरी ते पाळायला ते बांधील नाहीत, आणि चुकीचं बोलले तर तुम्ही त्यांना पाडू शकत नाही. अमेरिकेत १९६० मध्ये केनेडी आणि निक्सन टीव्हीवर समोरासमोर उभे राहिले, ते दोघंही उमेदवार होते. २७ जून २०२४ ला बायडेन आणि ट्रम्प यांचा वाद झाला आणि महिना व्हायच्या आत बायडेन यांनी उमेदवारी सोडली. तिथलं सगळं चांगलं असं नाही. ट्रम्प यांनी तिथे काय काय फेकलं ते जगाने ऐकलं. पण जो बोलत होता तोच मतपत्रिकेवर होता. आपल्याकडे मे २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी पंतप्रधान मोदी आणि राहुल गांधी दोघांनाही जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं. राहुल गांधींनी होकार कळवला. चर्चा झाली नाही.

मग वाहिन्या हे असं का करतात? त्या वाईट माणसांनी चालवल्या आहेत म्हणून? नाही. हिशेब बघा. जूचंद्रला बातमीदार पाठवायचा तर गाडी, कॅमेरामन, एक अख्खा दिवस, आणि हाती येणार तीन मिनिटांची बातमी. स्टुडिओत चर्चा घ्यायची तर चार फोन, आणि एक तास भरतो. प्रवक्ते घरून, गाडीतून, मोबाइलवरूनही बोलतात. विषयही आयता मिळतो. सकाळी एका नेत्याचा बाईट, दुपारी त्याला दुसऱ्याचा उलट बाईट, संध्याकाळी त्या दोन बाईटांवर डिबेट. दिवसभर राजकारणी एकमेकांबद्दल बोलतात आणि रात्री वाहिनी त्या बोलण्याबद्दल बोलते. त्यात नळ कुठे येणार, रस्ता कुठे येणार?

वेळेचा ढोबळ हिशेब करा. तासातून जाहिराती गेल्या, अँकरची प्रस्तावना गेली, उरली समजा पस्तीस मिनिटं. माणसं सहा. एकाला जेमतेम सहा मिनिटं, आणि तीही अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत. अर्ध्या मिनिटात काय सांगता येतं? आरोप करता येतो. आरोपाचं उत्तर द्यायला तीन मिनिटं लागतात, ती कुणाकडेच नसतात. म्हणून जो आरोप करतो तो जिंकल्यासारखा वाटतो. हा त्या रचनेचाच दोष आहे. उद्या तिथे तुम्हाला-मला बसवलं तरी आपणही तसंच बोलू.

आणि प्रेक्षकाचा संशय काही हवेतून आलेला नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये दाखवून दिलं की महाराष्ट्रातल्या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वृत्तपत्रांत एकाच नेत्याबद्दलचा मजकूर शब्दाला शब्द सारखा छापून आला होता. 'पेड न्यूज' हा शब्द तेव्हा आपल्या घराघरात आला. तो वृत्तपत्रांचा मामला होता, पण वाचक आणि प्रेक्षक हा एकच माणूस असतो.

आता आपल्या भागाकडे येऊ, कारण खरा प्रश्न इथे आहे.

त्याच २००९ च्या निवडणुकीत वसईत काय झालं? गावं महापालिकेत घ्यायची की नाही, हा वाद पेटला होता. मोर्चे निघाले, गावागावांत सभा झाल्या. वर्षानुवर्षं बहुजन विकास आघाडीच्या हितेंद्र ठाकूर यांचं वर्चस्व असलेल्या या मतदारसंघातून गावांच्या आंदोलनाचे विवेक पंडित अपक्ष निवडून आले. पुढे २०११ मध्ये २९ गावं वगळण्याचा निर्णय सरकारने घेतला आणि ते प्रकरण न्यायालयात वर्षानुवर्षं चाललं. गावं आत की बाहेर, याबद्दल तुमच्यात आजही दोन मतं असतील. असू देत. मुद्दा असा की लोकांनी एका खऱ्या प्रश्नावर खरा वाद घातला आणि त्या वादाने निवडणूक फिरवली. तो वाद चावडीवर झाला, मैदानात झाला. स्टुडिओत नाही.

मग ग्रामसभा गेली. ठीक आहे, तिच्या जागी महापालिकेची महासभा आली. तिच्याही विषयपत्रिकेवर मागील सभेचं इतिवृत्त असतं. पण जून २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढचं मतदान झालं थेट १५ जानेवारी २०२६ ला. मधली साडेपाच वर्षं प्रशासक. म्हणजे ग्रामसभा नाही, महासभा नाही. २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांच्या वर असलेल्या या शहराला 'झाली का?' विचारायला एकही सभा उरली नव्हती. या साडेपाच वर्षांत रोज भरणारी एकच सभा होती, टीव्हीवरची. म्हणून तिचा कंटाळा येणं मी हसण्यावारी नेत नाही. मुंबईत बसलेल्या माणसाला ती चर्चा करमणूक असेल. इथल्या माणसासाठी बाकीच्या सभा बंद झाल्यावर उरलेली ती सभा होती, आणि तिथेही त्याचं गाव कधी विषयपत्रिकेवर आलं नाही.

नाही, एकदा आलं! १९ नोव्हेंबर २०२४. दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान. विरारच्या विवांता हॉटेलात भाजपचे विनोद तावडे आले होते. बहुजन विकास आघाडीच्या कार्यकर्त्यांनी पैसे वाटपाचा आरोप करून त्यांना घेरलं. तावडेंनी आरोप फेटाळला. सगळ्या ओबी व्हॅन विरारला. दिवसभर देशाच्या पडद्यावर आपलं विरार. आता विनोद बघा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे मतदान संपण्याआधीचे ४८ तास शांततेचे. मतदाराने निवांत विचार करावा म्हणून टीव्हीवर प्रचाराचा मजकूर बंद. आणि वसई-विरार सगळ्यात जास्त ऐकू आलं ते नेमकं त्या शांततेच्या दिवशी! त्या दिवसभराच्या प्रक्षेपणात वसईचा उमेदवार पाण्याबद्दल काय म्हणतो, हे कळलं का? २३ तारखेला निकाल लागला. वसईत भाजपच्या स्नेहा दुबे पंडित यांनी हितेंद्र ठाकूर यांना हरवलं, साडेतीन हजारांच्या आतल्या फरकाने. इतकी अटीतटीची लढत, इतके मोठे प्रश्न, आणि त्या उमेदवारांना एका मंचावर, एका नियमाने, तासभर प्रश्न विचारलेत, असं कुठल्याही मोठ्या वाहिनीवर मी पाहिलं नाही.

नुसती तक्रार नको म्हणून, चांगली चर्चा कशी झाली असती ते सांगतो. विषय घ्या पाण्याचा. सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना. एकूण ४०३ दशलक्ष लिटर रोज. त्यातलं १८५ वसई-विरारला, २१८ मीरा-भाईंदरला. आपल्याकडे पाणी यायला सुरुवात झाली २०२३ च्या अखेरीस. आता पॅनेलवर चारच माणसं बसवा. एक, नायगावच्या इमारतीत राहणारी आणि टँकरचे पैसे भरणारी बाई. दोन, सूर्याच्या कालव्यावर शेती करणारा डहाणू-पालघरकडचा शेतकरी, कारण धरण मुळात सिंचनासाठी बांधलं आणि आपलं पाणी शहरांकडे वळवायला तिकडे विरोध झालाय. तीन आणि चार, दोन उमेदवार. पहिला प्रश्न: १८५ पैकी आज प्रत्यक्ष किती येतं? दुसरा: जूचंद्रच्या टाकीत किती? तिसरा: नव्या इमारतींना परवानगी देताना हे पाणी मोजलं होतं का? आणि शेवटी शेतकऱ्याने उमेदवाराला विचारायचं, माझ्या वाट्याचं काय? बघा, आवाज होईल. भांडणं होतील. पण कुणी टीव्हीचा आवाज बंद करणार नाही. कारण या प्रश्नांना पत्ता आहे, आकडा आहे, आणि सहा महिन्यांनी परत येऊन 'झाली का?' विचारता येतं.

मग टीव्ही बंद करावा का? इथे सावध राहायला हवं. आपण विटून टीव्ही बंद केला तर सगळ्यात जास्त आनंद कुणाला होईल? नेत्यांना. त्यांचं स्वतःचं चॅनल फोनमध्ये आहे. रील आहे, लाइव्ह आहे, व्हॉट्सअपचे गट आहेत. तिथे दुसराच काय, पहिला प्रश्नही नाही. वाईट मुलाखतीला आपण कंटाळलो, आणि त्या कंटाळ्याच्या आडून मुलाखत नावाची गोष्टच गेली, असं होऊ शकतं. तेव्हा वैताग असू द्या, पण तो नेमका ठेवा. 'सगळे सारखेच' म्हणालात की कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही. 'अमुक तारखेला तुम्ही अमुक म्हणाला होतात' असं म्हणालात की एकाला तरी द्यावं लागतं.

जूचंद्रला रांगोळीचं गाव म्हणतात. इथली माणसं रांगोळीत हुबेहूब चेहरा उभा करतात, आणि ती पुसली जाणार हे त्यांना ठाऊक असतं. रांगोळीचं ते ठीक आहे. निवडणुकीत दिलेल्या शब्दाचं तसं होऊ देऊ नका. प्रचारात तुमच्या चौकात जे येऊन बोलले, ते एका साध्या दोनशे पानी वहीत लिहून ठेवा. नाव, तारीख, शब्द. पुढच्या वेळी ते आले की हार घालण्याआधी कुणीतरी उभं राहून म्हणा: विषय क्रमांक एक.



(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न: तुम्ही वही म्हणता. पण शेवटी मत जातं ते ओळखीवर, समाजावर, पैशावर. वहीने काय होणार?

उत्तर: बरोबर आहे तुमचं. २०१९ चं उदाहरण मी त्यासाठीच दिलं. वहीने मत फिरेलच असं मी म्हणणार नाही. पण ओळखीच्या माणसालाच मत द्या आणि मग त्याच ओळखीने त्याला विचारा. आपण ओळखीचा उपयोग दाखला मिळवायला करतो, प्रश्न विचारायला लाजतो. वहीने उमेदवार पडला नाही तरी पुढच्या वेळी बोलताना तो आकडा जपून सांगेल. मला तेवढंही पुष्कळ वाटतं.

प्रश्न: मी गृहिणी आहे. आमच्या घरी रिमोट माझ्याकडे नसतो. (हशा) चर्चा लागली की मी स्वयंपाकघरात जाते. मी काय करू?

उत्तर: ताई, पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, हे घरात सगळ्यात नेमकं कुणाला माहीत असतं? तुम्हाला. कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता ना, तिथेच शेजारी पाण्याची वेळ लिहा. उमेदवार म्हणेल 'रोज पाणी येतं', तेव्हा ते कॅलेंडर घेऊन खाली या. पॅनेलवरच्या कुठल्याही विश्लेषकाकडे तसा कागद नाही.